जिओकॅशिंग प्रीमियम: पैसे नेमके कशाचे?

जिओकॅशिंग हा लपवलेले डबे जीपीएसने शोधण्याचा खेळ. तो चालवणाऱ्या जिओकॅशिंग डॉट कॉमचं अधिकृत अ‍ॅप फुकट उतरवून घेता येतं, पण नकाशा उघडला की लगेच कळतं की हा फुकटपणा निम्म्यावर थांबतो. काही हिरवी चिन्हं दिसतात, ती सोप्या पारंपरिक डब्यांची. बाकीची बरीचशी करडी. करड्या चिन्हावर बोट ठेवलं की प्रीमियम वर्गणीचा फलक समोर येतो. ही वर्गणी कित्येक वर्षं सालीना ३० डॉलर होती. आता ती वाढली आहे आणि देशागणिक वेगळी दिसते. ती भरावी का, एवढाच या परीक्षणाचा विषय. उत्तर आधीच सांगून टाकतो: महिन्यातून एकदोनदा तरी डबे शोधायला बाहेर पडणार असाल तर भरा. मात्र हे पैसे डबे मिळवण्याचे नाहीत, डबे गाळण्याचे आहेत. वीस वर्षांपूर्वी लोक हीच वर्गणी अगदी वेगळ्या कारणासाठी भरत होते. मधल्या काळात खेळही बदलला आणि खेळणारेही.

खेळ ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: कुणीतरी एक डबा लपवतं आणि त्याचे अक्षांश-रेखांश साइटवर टाकतं. तुम्ही जीपीएस घेऊन तिथे जाता, डबा शोधता, आतल्या कागदावर नाव आणि तारीख लिहिता, डबा होता तसा परत ठेवता आणि साइटवर नोंद करता. कागदावर सही नसेल तर शोध धरत नाहीत. डब्यातली एखादी बारीकसारीक वस्तू घेतली तर तिच्या तोडीची दुसरी ठेवायची. प्रत्येक डब्याला दोन श्रेणी असतात, शोधायला किती अवघड आणि जागा किती अवघड. दोन्ही १ ते ५, अर्ध्या-अर्ध्या पायरीने. म्हणजे एकूण ८१ जोड्या होतात, आणि त्या सगळ्या पुऱ्या करण्यामागे लागलेली मंडळी प्रत्येक देशात आहेत.

याची सुरुवात मे २००० मधली. अमेरिकन सरकार नागरी जीपीएसच्या संदेशात मुद्दाम चूक मिसळत असे. २ मे रोजी ते बंद झालं आणि सुमारे १०० मीटरची चूक एका रात्रीत १०-२० मीटरवर आली. दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मर यांनी ओरेगॉन राज्यात बीव्हरक्रीकजवळ एक बादली ठेवली आणि तिचा ठावठिकाणा इंटरनेटवरच्या जीपीएसवाल्यांच्या गटात कळवला. माइक टीग यांनी ती पहिल्यांदा शोधली. पुस्तकं, व्हिडिओ, सॉफ्टवेअर, एक गलोल आणि बीन्सचा एक डबा असा त्यातला ऐवज होता. गंमत म्हणजे ही बादली आजच्या नियमांत मंजूरच झाली नसती, कारण ती अर्धवट जमिनीत पुरलेली होती आणि तिच्यात खाण्याची वस्तू होती. खाण्याच्या वस्तूला आता मनाई आहे आणि खड्डा करायला जागामालकाची स्पष्ट परवानगी लागते. त्याच वर्षी २ सप्टेंबरला जेरेमी आयरिश यांनी साइट सुरू केली तेव्हा जगभरात अवघे ७५ डबे होते. आज ३० लाखांवर आहेत.

त्या ७५ चे ३० लाख झाले, तिथेच सगळ्या कुरबुरींचं मूळ आहे.

पहिल्या दशकातला शोधक घरी संगणकावर बसून डबा निवडायचा, पानाची छापील प्रत काढायचा, अक्षांश-रेखांश हातातल्या गार्मिन किंवा मॅगेलनच्या यंत्रात बटणं दाबून भरायचा, आणि परत आल्यावर संध्याकाळी घरी बसून नोंद लिहायचा. त्या नोंदी दोनदोन परिच्छेदांच्या असत: वाट कशी होती, डब्याचं झाकण नीट बसतंय का, काय घेतलं, काय ठेवलं. प्रीमियम तेव्हा घेतलं जायचं ते ‘पॉकेट क्वेरी’साठी. एका भागातले शेकडो डबे एका फाइलमध्ये उतरवून थेट यंत्रात टाकता येत. ही सोय अजून आहे: एका क्वेरीत १००० डबे, दिवसाला १० क्वेरी. हातातलं जीपीएस यंत्र वापरणाऱ्याला आजही तिच्याइतकी उपयोगी दुसरी गोष्ट नाही. फोनवर खेळणाऱ्याला बहुधा तिची गरजच पडत नाही.

फोन आले आणि नोंद डब्याशेजारी उभं राहूनच होऊ लागली. अंगठ्याने लिहायचं म्हटल्यावर ती चार अक्षरांवर आली, ‘टीएफटीसी’, म्हणजे डब्याबद्दल धन्यवाद. वाचणाऱ्याला हे किरकोळ वाटेल, पण डबा ठेवणाऱ्याला या खेळात पैसा मिळत नाही, की गुण मिळत नाहीत. त्याला मिळतात त्या फक्त नोंदी. शिवाय डबा ओला झालाय, कागद भरलाय, झाकणाची कडी तुटलीय, हे त्याला कळायचं ते नोंदींतूनच. ओळीमागून ओळ ‘टीएफटीसी’ येऊ लागली तेव्हा मालकांचा रस आटला आणि दुरुस्तीची खबरही आटली. टाकून दिलेले डबे नकाशावर राहिले ते असे. अ‍ॅपमध्ये आता ‘मालकाने लक्ष द्यावं’ आणि ‘परीक्षकाने लक्ष द्यावं’ असे दोन वेगळे नोंदप्रकार आहेत (परीक्षक म्हणजे डब्यांना मंजुरी देणारे स्वयंसेवक). पूर्वी त्यांची नावं ‘दुरुस्ती हवी’ आणि ‘डबा रद्द करावा’ अशी थेट होती. नावं मवाळ केली तरी लोक ती वापरायला कचरतातच, कारण तक्रारखोर म्हणून नाव होण्याची भीती असते. खरं तर कागद लगदा झाला असेल तर पहिली नोंद टाकणं हे मालकावर उपकारच आहेत.

दुसरा मोठा बदल आकड्यांचा. दोन डब्यांमध्ये किमान १६१ मीटर अंतर हवं असा नियम आहे (मैलाचा दहावा भाग, म्हणून हा विचित्र आकडा). पूर्वी त्याच्या जोडीला एक सूचना होती: जागा आहे म्हणून उगाच दर १६१ मीटरवर डबे ठेवत सुटू नका. ही सूचना २००९-१० च्या सुमाराला गळली आणि ‘पॉवर ट्रेल’चं पीक आलं. नेवाडात ‘ईटी हायवे’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वाळवंटी रस्त्यावर दर १६१ मीटरला एक याप्रमाणे हजारावर डबे लागले. तिथली कामाची पद्धत बघण्यासारखी आहे. गाडीत तिघं-चौघं. एक चालवतो, एक उतरून डबा आणतो, एक आतल्या गुंडाळीवर गटाचा शिक्का मारतो. वेळ वाचावा म्हणून हातातला डबा जागेवर परत न ठेवता पुढच्या ठिकाणी ठेवतात, तिथला उचलतात, त्यावर गाडी चालू असतानाच शिक्का मारतात आणि तो त्यापुढच्या ठिकाणी. म्हणजे संध्याकाळपर्यंत रस्त्यावरचा एकही डबा आपल्या जागी नसतो. एका दिवसात कित्येक शे शोध होतात. लाखावर शोध नावावर असलेले खेळाडू आहेत ते याच जोरावर.

याला जुन्या लोकांनी नाकं मुरडली, पण निव्वळ नाकं मुरडून भागत नाही. ज्याला हातपाय हलवत दिवस घालवायचा आहे आणि आकडा वाढताना बघायला आवडतं, त्याने ट्रेल करावी. त्रास होतो तो ट्रेलच्या सवयी गावात येतात तेव्हा. त्यातली सगळ्यात वाईट म्हणजे ‘थ्रोडाउन’. डबा सापडला नाही की खिशातली फिल्मची जुनी डबी काढून अंदाजाने ठेवायची, आत सही करायची आणि ‘सापडला’ म्हणून नोंदवायचं. पुढचा माणूस ती डबी शोधतो आणि मूळ डबा कल्पकतेने बनवलेला असला तरी कुणाला दिसत नाही. साइट चालवणाऱ्या कंपनीच्या मार्गदर्शनात याला स्पष्ट विरोध आहे. तरी ते चालतं, कारण ‘सापडला नाही’ अशी निळी नोंद टाकणं अनेकांना कमीपणाचं वाटतं. ती टाकावी. मालकाला आणि पुढच्या माणसाला तिच्याइतका खरा इशारा दुसरा नाही.

आकड्यांची हौस कंपनीनेही जोपासली. ठरावीक दिवशी शोध केला की प्रोफाइलवर चित्र मिळतं, सलग दिवसांची मालिका मोजली जाते, मोहिमा निघतात. त्यातच ‘चॅलेंज’ डबे आले. अमुक अट पुरी केलेल्यालाच तो शोध नोंदवता येतो. अटी इतक्या वेड्यावाकड्या झाल्या की एप्रिल २०१५ मध्ये कंपनीने नवे चॅलेंज घेणंच बंद केलं आणि मे २०१६ मध्ये कडक नियमांसह पुन्हा सुरू केलं. आता अट पुरी झाली की नाही हे आपोआप तपासणारा दुवा लागतो. यातून एक गोष्ट मात्र छान झाली. मे २००० पासूनच्या प्रत्येक महिन्यात ठेवलेला किमान एक डबा शोधायचा, हे जॅस्मर नावाचं आव्हान लोकप्रिय झालं आणि म्हाताऱ्या डब्यांना किंमत आली. कॅन्ससमधल्या मिंगो गावाजवळचा, ११ मे २००० चा, जीसी३० क्रमांकाचा डबा चालू डब्यांमध्ये सगळ्यात जुना. महामार्गापासून जवळ, शोधायला अवघड नाही, पण आजूबाजूला बघण्यासारखं फारसं काही नाही. तरी लोक शेकडो मैल गाडी हाणत येतात.

आता प्रीमियममध्ये मिळतं काय ते बघू.

सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे गाळणी. डिसेंबर २०१० पासून प्रीमियम सभासदाला दर दहा शोधांमागे एक ‘फेव्हरिट पॉइंट’ वाटता येतो. यामुळे चांगला डबा ओळखायचं पहिलं बरं साधन हाती आलं. अनोळखी शहरात गेल्यावर गाळणी अशी लावावी: फेव्हरिट किमान १०, आकार ‘स्मॉल’ किंवा मोठा, बंद असलेले वगळून. एवढ्याने लंडन किंवा प्रागसारख्या ठिकाणची हजारोंची यादी मूठभर डब्यांवर येते. मात्र नुसत्या आकड्यावर जाऊ नका. पर्यटकांच्या गर्दीच्या जागी दहा हजार लोक येतात, त्यांतले थोडे पॉइंट देतात, तरी आकडा फुगतो. किती टक्के प्रीमियम शोधकांनी पॉइंट दिला हे वेबसाइटवर डब्याच्या पानावर कळतं, ते बघा. जंगलातल्या १२ पॉइंट आणि ६० टक्क्यांच्या डब्यापुढे चौकातला ३०० पॉइंट आणि ८ टक्क्यांचा डबा फिका असतो.

निघण्याआधी आणखी तीन गोष्टी बघायच्या, त्यांना वर्गणी लागत नाही. शेवटच्या चार नोंदी: सोप्या श्रेणीचा डबा आणि लागोपाठ दोन निळ्या नोंदी, तर तो गेलेला आहे, पायपीट नको. आकार: ‘मायक्रो’ म्हणजे १०० मिलिलिटरच्या आत, ‘स्मॉल’ १ लिटरपर्यंत, ‘रेग्युलर’ २० लिटरपर्यंत, त्याहून मोठा तो ‘लार्ज’. लहान मुलं बरोबर असतील तर मायक्रो सरळ वगळा, आत कागदाच्या गुंडाळीशिवाय काही नसतं. आणि मालकाची शेवटची हजेरी: डब्याच्या पानावर दोन-तीन वर्षांत त्याची एकही नोंद नसेल तर आतला कागद भिजलेला असणार हे धरून चाला आणि आपला सुटा कागद न्या.

प्रीमियममधली दुसरी उपयोगी सोय म्हणजे याद्या फोनमध्ये उतरवून ठेवणं. डोंगरात नेटवर्क नसताना वर्णन, डब्याची खूण सांगणारी सूचना, नोंदी सगळं हाताशी राहतं. नकाशा मात्र वेगळा उतरवावा लागतो, आणि नेमकं तेच लोक विसरतात. तिसरी सोय म्हणजे नव्या डब्याची तात्काळ सूचना. पहिला शोध लावण्याची चुरस ज्यांना आवडते त्यांच्याच ती कामाची. बाकीच्यांनी बंद ठेवावी, नाहीतर जेवताना फोन वाजत राहतो. काही मालक आपला डबा फक्त प्रीमियम सभासदांनाच दिसेल असा ठेवतात. चोरी कमी होते असा त्यामागचा समज आहे. प्रत्यक्षात डबे जातात ते बहुतेक माळ्याच्या, सफाई कामगाराच्या किंवा सहज जाणाऱ्या-येणाऱ्याच्या हातून, आणि त्यांना वर्गणीशी देणंघेणं नसतं.

वर्गणी न भरता किती चालतं? वेबसाइटवर फुकट सभासदालाही, प्रीमियमसाठी राखलेले सोडून, बाकी सर्व प्रकारचे डबे दिसतात. अडवणूक असते ती अधिकृत अ‍ॅपमध्ये. अँड्रॉइडवर ‘सी:जिओ’ हे स्वयंसेवकांनी बनवलेलं मुक्त अ‍ॅप आहे. फुकट खात्यावर ते अधिकृत अ‍ॅपपेक्षा जास्त डबे दाखवतं, डबे साठवूनही ठेवतं. दिसायला खडबडीत आणि पर्यायांचा बुजबुजाट, पण आठवडाभरात हात बसतो. कंपनीशी त्याचा संबंध नाही, त्यामुळे साइटमध्ये बदल झाला की ते अधूनमधून अडखळतं. आयफोनवाल्यांसाठी ‘कॅशली’ आहे. ते विकत घ्यावं लागतं, आणि प्रीमियम असेल तरच त्याचं चीज होतं. नकाशे, गाळण्या, साठवण या तिन्हींत ते अधिकृत अ‍ॅपच्या पुढे आहे. ज्या कंपनीकडे सगळी माहिती आहे तिचंच अ‍ॅप या दोघांपेक्षा कमी पडावं, याला काय म्हणायचं?

जागेवर पोचल्यावर अ‍ॅप कसं वागतं हेही सांगायला हवं, कारण नवख्यांच्या बहुतेक तक्रारी इथल्याच असतात. बाण गरगर फिरतो: फोनच्या कव्हरमध्ये लोहचुंबक असेल तर होकायंत्र बिघडतं. कव्हर काढा आणि फोन हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवा. उभं राहिल्यावर दिशा चुकते: जीपीएसला दिशा कळते ती चालताना, म्हणून ३०-४० मीटर मागे जाऊन सरळ चालत या. शेवटचे मीटर कमीच होत नाहीत: ते होणारही नाहीत. मोकळ्या आभाळाखाली फोनची चूक साधारण ५ मीटर, तितकीच मालकाच्या फोनची. उंच इमारतींच्या मधे किंवा कड्याखाली संदेश भिंतीवर आदळून येतात आणि चूक २०-३० मीटरवर जाते. अंतर १० मीटर दिसलं की फोन खिशात घाला आणि आपण लपवला असता तर कुठे, या नजरेने बघा. अनैसर्गिक रचलेले दगड, कुंपणाच्या खांबाची टोपी, बाकाच्या तळाशी चिकटलेलं लोखंड, एकच सैल वीट.

अक्षांश-रेखांशांची मांडणी हा वेगळाच घोळ. जिओकॅशिंगमध्ये अंश आणि दशांश मिनिटं चालतात, उदाहरणार्थ उत्तर १८° ३१.२००. हे कुणी १८ अंश ३१ मिनिटं २० सेकंद असं वाचलं तर माणूस जवळजवळ २५० मीटर उत्तरेला जातो, कारण .२०० मिनिट म्हणजे १२ सेकंद. काही डब्यांची खरी जागा कोडं सोडवल्यावरच कळते; तसे आलेले आकडे दुसऱ्या नकाशात टाकताना ही चूक हमखास होते. मिनिटाचा हजारावा भाग अक्षांशात १.८५ मीटर भरतो. रेखांशात मुंबईला सुमारे १.७५ आणि कंपनीच्या गावी, सिएटलला, सव्वा मीटरच. म्हणून शेवटच्या आकड्यावरून मालकाशी भांडण्यात अर्थ नाही.

बरोबर काय न्यावं? पेन्सिल, कारण जेलपेनची शाई ओल्या कागदावर पसरते आणि बॉलपेन थंडीत चालत नाही. बारीक चिमटा, कारण नखाएवढ्या ‘नॅनो’ डबीमधली कागदाची गुंडाळी बोटांनी निघत नाही आणि निघाली तर परत जात नाही. टॉर्च, हातमोजे, दोन-चार झिपच्या पिशव्या आणि थोडे कोरे कागद.

डबा ठेवणाऱ्यांसाठी दोन शब्द, कारण खराब डब्यांचं कारण शंभरात नव्वद वेळा डबाच असतो. फिल्मच्या जुन्या डब्या बाहेर पावसात पाणी धरतात, त्या बंद कराव्यात. चारही बाजूंनी कड्या असलेला, झाकणात रबरी पट्टी असलेला क्लिप-लॉक डबा बरा, पण त्या पट्टीवर वाळूचा एक कण बसला तरी पाणी शिरतं. जर्मनीत बाटल्या फुगवण्याआधीच्या पेट प्लॅस्टिकच्या नळ्या वापरायची पद्धत आहे. जाड, स्वस्त, आटे घट्ट, आणि मायक्रोसाठी याहून चांगलं काही नाही. लष्करी दारूगोळ्याची लोखंडी पेटी सगळ्यात टिकाऊ, पण शहरात ती ठेवणं वेडेपणा. इंग्लंडमध्ये वेदरबी गावात २०११ साली एका कॅफेबाहेरचा डबा बॉम्ब समजून पथकाने उडवून दिला होता, आणि तो तर साधा लहान डबा होता. पारदर्शक डबा आणि बाहेर ठळक अक्षरांत खेळाचं नाव, एवढं तरी हवंच. जागामालकाची परवानगी, १६१ मीटरचं अंतर आणि कोड्याच्या डब्याची खरी जागा दाखवलेल्या जागेपासून ३.२ किलोमीटरच्या आत, हे पाहूनच स्वयंसेवक परीक्षक मंजुरी देतात. अंतर मोजताना इतरांच्या कोड्यांच्या लपलेल्या जागाही धरल्या जातात, म्हणून नकाशावर मोकळी दिसणारी जागा नाकारली जाते. परीक्षकावर चिडू नये, ती जागा कुणाची हे तो सांगू शकत नाही.

ज्या बदलावर आज सगळ्यात जास्त वाद आहे तो ‘अ‍ॅडव्हेंचर लॅब’. वेगळं अ‍ॅप, साधारण पाच ठिकाणं, प्रत्येक ठिकाणी पोचून एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं. डबा नाही, कागद नाही, सही नाही, परीक्षकाची मंजुरीही नाही. प्रत्येक ठिकाण एक शोध धरलं जातं, म्हणजे अर्ध्या तासात पाच शोध. गावाची ओळख करून घ्यायला प्रकार छान आहे, नव्या माणसाला सोपा आहे, आणि पावसाने किंवा चोरीने काही बिघडत नाही. पण उत्तर बऱ्याचदा एका पाटीवरच्या सालात असतं, आणि फोनला खोटं ठिकाण सांगून घरबसल्या उत्तरं देणारेही आहेत. लॅब बनवायची परवानगी कंपनी निवडक लोकांना देते, त्यामुळे कुठे लॅबची रेलचेल तर कुठे उणीव, अशी विषमता झाली आहे. आमच्या मते लॅबचे आकडे शोधांच्या बेरजेत धरायलाच नको होते. वेगळा रकाना ठेवला असता तर निम्मी भांडणं मिटली असती.

बिल्ल्यांबद्दल अपेक्षा कमी ठेवा. ट्रॅव्हल बग म्हणजे क्रमांक कोरलेली धातूची पट्टी. ती डब्यातून डब्यात फिरते आणि साइटवर तिचा प्रवास दिसतो. परसिव्हिअरन्स रोव्हरवरून एक क्रमांक मंगळावर गेला आहे आणि २००८ मध्ये रिचर्ड गॅरियट यांनी आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकातही डबा नेऊन ठेवला. तिथले क्रमांक सुरक्षित असतात. पृथ्वीवरचा बग मात्र दोन-चार उड्यांत गहाळ होतो. विकत घेतलात तर मूळ पट्टी घरी ठेवून जोडीची दुसरी पट्टी फिरवायला सोडा.

भेटीगाठी अजून जिवंत आहेत आणि त्या फुकट आहेत. ५०० लोक आले तर ‘मेगा’, ५००० आले तर ‘गिगा’. पहिला गिगा २०१४ मध्ये म्युनिकला भरला. डब्यांच्या संख्येत जर्मनी अमेरिकेच्या खालोखाल आहे. म्युनिक, श्टुटगार्टकडे असलेल्या मराठी मंडळींना प्रीमियम वर्षभरात सहज वसूल होईल. दोर लावून चढायचे डबे, रात्री टॉर्चच्या उजेडात चमकणाऱ्या खुणांमागे जायचे डबे, असं तिथे काय काय आहे. फक्त संध्याकाळी-पहाटे शिकारी आणि वनखात्याच्या सूचना पाळायच्या.

महाराष्ट्रात आणि गोव्यात मात्र वर्गणीचा उपयोग थोडा. डबे विरळ, आणि त्यांतले बरेच येऊन-जाऊन असलेल्या लोकांनी ठेवलेले, म्हणजे दुरुस्तीला जवळ कुणी नाही. चार महिन्यांच्या पावसात क्लिप-लॉकही हार मानतो. ज्या शहरात स्टेशनवर ‘बेवारस वस्तूंना हात लावू नका’ ही घोषणा दिवसभर चालते, तिथे चुंबकाने कठड्याला चिकटवलेला डबा कुणी का सहन करील? संरक्षित किल्ल्यांवर आणि लेण्यांत डबा ठेवण्याचा विचारही करू नये. इथे शोभतो तो ‘अर्थकॅश’. २००४ मध्ये अमेरिकेतल्या भूविज्ञान संस्थेच्या सहकार्याने सुरू झालेला हा प्रकार बिनडब्याचा आहे. जागेवर जाऊन दगड बघायचे, मोजायचे आणि मालकाला उत्तरं पाठवायची. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे उभे बेसॉल्टचे खांब किंवा लोणारचं विवर अशा जागांसाठी याहून चांगला प्रकार नाही, आणि बनवायला प्रीमियमही लागत नाही. परदेशातून येणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: उपग्रहावरून संदेश पाठवणारी हातातली उपकरणं परवानगीशिवाय भारतात आणणं बेकायदा आहे, विमानतळावरच अडवतात.

घ्यायचं ठरलं तर आधी एक महिन्याचं घ्या, तेही सहलीच्या महिन्यात. पटलं तर वर्षाचं, ते महिन्याच्या हिशेबाने बरंच स्वस्त पडतं. फोनच्या अ‍ॅप स्टोअरमधून घेतलं तर बंदही तिथूनच करावं लागतं, वेबसाइटवर बटण शोधून सापडत नाही. आपोआप नूतनीकरण पहिल्याच दिवशी बंद करून टाका. मुदत संपेपर्यंत सगळं चालू राहतं, आणि मुदत संपली तरी तुमचे शोध, नोंदी आणि दिलेले फेव्हरिट पॉइंट जागेवर राहतात.